वहीत उत्तर, पाण्यात दक्षिण

सोमवार, ११ नोव्हेंबर २०१९

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, शहरातल्या मासेमारी गस्तीच्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, वज्दीला दुसऱ्यांदा बुडवलं. वेळ मी आधी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली, मग माझ्या मनगटावरच्या. दोन्ही जुळत होती. त्या इमारतीत तेवढी एकच गोष्ट जुळत होती.

संचालकांनी चौकशीचा अहवाल वाचून दाखवला. सहा पानं. पाचव्या पानावर असं वाक्य आहे: ‘संबंधित रक्षकाने सुटण्याच्या नोंदवहीत स्वतःच्या मर्जीने खोटी दिशा लिहिल्यामुळे शोध चुकीच्या भागात झाला. सबब हा मृत्यू कर्तव्यावरील मृत्यू धरता येत नाही.’

मी उभी राहिले. “स्वतःच्या मर्जीने हे कुणी ठरवलं?”

“मॅडम, तुम्ही पाहुण्या म्हणून आला आहात. बसा, चहा येतोय.”

“चहा मी माझ्या घरी पिते. इथे मी उत्तर घ्यायला आलेय.”

दोघं-तिघं हसले. शेजारी बसलेल्या मुन्सिफने माझी बाही ओढून मला खाली बसवलं. एकेकाळी माझ्या हाताखाली साधा रक्षक असलेला हा माणूस आज आमच्या मरसा खरूबच्या चौकीचा प्रमुख आहे, आणि अजून बाहीच ओढतो. वज्दीची बायको अहलाम पहिल्या रांगेत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दोनच्या फेरीबोटीने बेटावर परत आले. बोटीत लक्षात आलं की माझ्या पायांतले मोजे दोन रंगांचे आहेत. दिवसभर तशीच वावरले.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

नीट क्रमाने लिहून ठेवते. शाळेतल्या सिस्टर बेर्नादेत म्हणायच्या, राग आला की आधी तारखा मांडा.

९ ऑक्टोबर, बुधवार. ऑक्टोपसचा हंगाम उघडायला सहा दिवस बाकी होते. वायव्येचा वारा सुटला होता. अशा दिवशी भले कोळी घरी बसतात आणि लबाड बाहेर पडतात; बंदीच्या दिवसांत प्लास्टिकचे सापळे सोडायला हाच मुहूर्त. पहाटे पाच पन्नासला वज्दी गस्तीची होडी घेऊन एकटाच निघाला. जोडीदार तापाने पडला होता. वहीत लिहिलं: ‘उत्तरेकडे. मशीन तपासणी.’ गेला दक्षिणेला. दुपारपासून अंधार पडेपर्यंत उत्तरेला शोध चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दक्षिणेला, सालेमकाकांच्या शर्फियात सापडला. माशांसाठी उभारलेल्या झावळ्यांच्या कुंपणात.

वय तेहतीस. दोन मुली.

आता हे ‘खोटी दिशा’ प्रकरण. आमच्या बेटावर प्रत्येक जण प्रत्येकाचा मामेभाऊ. चौकीची वही दारातल्या टेबलावर उघडी असते, समोर कॉफीचं दुकान. विडी पेटवायला म्हणून आत येतात आणि वही वाचून जातात. होडी बंदराच्या तोंडाशी पोचेपर्यंत पलीकडच्या किनाऱ्यावर सापळे उचललेले असतात. म्हणून वहीत एक दिशा लिहायची आणि दुसरीकडे जायचं; खरी दिशा फक्त प्रमुखाच्या कानात सांगायची. फोनवरून फुटू नये म्हणून फोनही चौकीच्या खणात ठेवायचा. ही आमची रीत आहे. बेटाच्या तिन्ही चौक्यांत आहे. याला खोटं म्हणणारा माणूस कधी चोरामागे गेलेला नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

स्वतःच्या मर्जीने म्हणे!

कचेरीला पहिलं पत्र लिहिलं. एक पान. चुकांवर सिस्टरांसारखी लाल पेन्सिल फिरवली आणि पुन्हा स्वच्छ उतरवलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

काही नाही. डाळिंबं सोलली. दोन वाडगे भरले. खाल्ली नाहीत.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मुन्सिफ आला, वाळवलेला ऑक्टोपस घेऊन. मी काढलेल्या पत्राची बातमी त्याला पत्र पोचायच्या आधी पोचली होती. वही झाकली काय नि उघडी ठेवली काय, या बेटावर सगळं सारखंच.

“बाई, सोडून द्या ना आता.”

“का? तुझी बढती अडलीय?”

“बढती घाला चुलीत. तुम्ही जितकं उकराल तितकं...” त्याने टोपी काढली, परत घातली. “ते विचारतील, रीत होती तर रीत कुणाची?”

“रीतीला काय आईबाप असतात? रीत ती रीत.”

तो माझ्याकडे बघत राहिला. हा असा बघायला लागला की त्याच्या आईसारखा दिसतो. बिचारी ऑक्टोबरपासून शहरातल्या इस्पितळात आहे. मी विचारलं, “तुझा जबाब झाला तेव्हा तू हे सांगितलंस का, की सगळेच असं लिहितात?”

“नाही.”

“का नाही?”

“बाई, कॉफी खारट लागतेय.”

खरंच होती. मी साखरेऐवजी मीठ घातलं होतं. त्याने तरी पूर्ण कप संपवला. भित्रा आहे, पण वळण चांगलं आहे. माझंच.

जाताना दारात म्हणाला, “मी जे केलं ते तुमच्यासाठी केलं, एवढं लक्षात असू द्या.” मी म्हटलं, माझ्यासाठी करायचंच असेल तर गप्प बसू नकोस. यावर तो गप्प बसला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

वज्दीचा चाळिसावा दिवस. अहलामच्या अंगणात बायका, आत पुरुष आणि कुराणपठण. बार्लीचा कुसकुस होता. सगळ्या म्हणाल्या छान झालाय, म्हणजे झाला असेल.

तेरा वर्षांपूर्वी अहलामच्या बापाची दोन बेकायदा जाळी मी जप्त केली होती. वज्दीने तिला मागणी घातली तेव्हा म्हातारा म्हणाला होता, “आमची जाळी नेली, आता पोरगीही न्या.” लग्नात मीच सगळ्यात मोठ्याने हसले होते. आज म्हातारा माझ्यासमोर बसला होता आणि सुपारीएवढा खडा बोटांत फिरवत होता.

भांडी घासायला म्हणून मी अहलामच्या मागोमाग गेले. तिला सांगितलं की मी पत्र लिहिलंय, आणखी लिहीन, ते वाक्य खोडल्याशिवाय राहणार नाही.

ती थाळी विसळत राहिली. “कुठलं वाक्य, मावशी?”

“स्वतःच्या मर्जीने.”

“हं.” मग म्हणाली, “त्या पहाटे मी त्यांना विचारलं होतं. वारा होता ना, म्हणून. म्हटलं, कुठल्या बाजूला चाललाय तेवढं तरी सांगा. हसले. म्हणाले, बाईंचं काय वाक्य आहे माहितेय ना? घरात सांगितलेली दिशा विहिरीवर पोचते.”

मी कढई ओढून घासायला घेतली.

“मी म्हटलं, बाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तर म्हणाले, बाई निवृत्त होतात, बाईंचं वाक्य नाही होत.” तिने थाळी उपडी घातली. “मोठीला शाळेत पोरं म्हणतात, तुझा बाप खोटारडा होता, सरकारने लिहून दिलंय. ती विचारते. तुम्ही शिकलेल्या आहात मावशी. काय सांगू तिला?”

हातातल्या कढईला मी किती वेळ घासत होते कोण जाणे. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

वाक्य माझं आहे, हे खरं. वाक्यं पुष्कळ असतात. शिक्षिका सांगते की रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा, म्हणून गाडीखाली आलेल्या पोराला शिक्षिका जबाबदार होत नाही.

हे उदाहरण लागू पडत नाही. उद्या दुसरं शोधीन.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दुसरं सापडलं नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

सालेमकाकांकडे गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, अजून ओहोटीला कुंपणापर्यंत चालत जातात. झावळ्या सोलत बसले होते. मला त्यांच्या जबाबाची प्रत हवी होती. ते म्हणाले, “प्रत कसली पोरी, जबाब माझ्या डोळ्यांत आहे. बस, सांगतो.”

सांगितलं ते असं. होडीच्या पंख्यात कुणाच्या तरी बेकायदा सापळ्याची दोरी गुंतली होती. ती कापायला तो वाकला असणार, वाऱ्याने होडी उलटली. वायरलेस गेला. फोन चौकीच्या खणात, रीतीप्रमाणे. मांडीला पंख्याची जखम. तिथून तो पोहत, चालत शर्फियाच्या कुंपणापर्यंत आला. सदऱ्याची पट्टी फाडून मांडी वर घट्ट बांधली. भरतीला वाहून जाऊ नये म्हणून कमरेच्या पट्ट्याने स्वतःला खांबाशी जखडून घेतलं.

“गाठ नीट होती,” काका म्हणाले. “शांत डोक्याने मारलेली. वाट बघणाऱ्या माणसाची गाठ. आपल्याला शोधायला येणार आहेत ही खात्री असलेल्या माणसाची.”

मी विचारलं, “किती वेळ?”

“डॉक्टर म्हणाला, संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत होता. त्या दिवशी वारा होता, मी गेलो नाही. मी रोज जातो. त्या दिवशी नाही गेलो.” मग झावळी खाली ठेवून म्हणाले, “तुला माहितेय, शर्फिया माशाला ओढत नाही. मासा आपल्या पायाने येतो. कुंपण फक्त म्हणतं, इकडून.”

घरी कशी आले आठवत नाही. चपला बाहेर व्यवस्थित जोडीने ठेवलेल्या होत्या, तेव्हा चालतच आले असेन.

सोमवार, २५ नोव्हेंबर

पाच पन्नास ते साडेपाच. अकरा तास चाळीस मिनिटं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

डाव्या तळव्यावर फोड आलाय. काल चहाच्या भांड्याला हात लागला असणार. लागला तेव्हा कळलं नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

चौकीवर गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच टेबलाच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिले. मुन्सिफला सांगितलं, जुन्या नोंदवह्यांचं कपाट उघड.

“कशाला बाई?”

“ही रीत माझ्या आधीपासून आहे हे मला दाखवायचंय. जुन्या साहेबांच्या काळातल्या नोंदी काढ. कचेरीला झेरॉक्स पाठवते.”

“नाहीत.”

“काय नाहीत?”

“तशा नोंदी.” त्याने कपाट उघडलं, एक वही न शोधता थेट काढली आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवली. त्यात आधीच खुणेची चिठ्ठी होती.

३ एप्रिल २००३. ‘पश्चिमेकडे. मशीन तपासणी.’ अक्षर माझं. डाग नाही की खाडाखोड नाही. सिस्टरांच्या शाळेतलं अक्षर. त्या दिवशी मी पूर्वेला गेले होते आणि एका दमात चार होड्या पकडल्या होत्या. त्या मोसमात अकरा. शहरातून अभिनंदनाचं पत्र आलं होतं, ते अजून माझ्या भिंतीवर चौकटीत आहे. त्याआधीची सगळी पानं उलटून पाहिली. दिशा आणि दिशा. सगळ्या खऱ्या.

“ही चिठ्ठी केव्हाची?”

“चौकशी लागली त्या दिवशीची. मी त्यांना हे कपाट दाखवलं नाही.” मग तो बाकावर बसला आणि एकदम बोलायला लागला. “बाई, त्या दिवशी मी आईजवळ होतो. म्हणून त्याला दिशा सांगायला कानच नव्हता. एक वाजता चौकीवरून फोन आला, वज्दी परतला नाही, कुठल्या बाजूला गेला असेल? फोन मोठ्या आवाजावर होता. मागे कॉफीच्या दुकानातला गलका ऐकू येत होता. सगळे आत जमलेले. मी विचारलं, वहीत काय आहे? म्हणाले, उत्तर. मी म्हटलं...”

“काय म्हटलंस?”

“म्हटलं, मग उत्तर.”

खिडकीतून फेरीबोट दिसत होती. माणसं उतरत होती, एकाच्या डोक्यावर गादी होती.

“फोनवर दिशा सांगायची नाही,” मुन्सिफ म्हणाला. “सोळा वर्षं हेच ऐकलंय. तोंडातून आपोआप गेलं. संध्याकाळच्या बोटीने आलो तेव्हा बंदरावरच सांगितलं, वहीत उत्तर म्हणजे तो दक्षिणेला, तिकडे बघा. तोवर अंधार.”

मी त्याला काहीतरी कठोर बोलायला हवं होतं. माझ्याकडे अशा गोष्टींचा साठा असतो. शोधलं, हाती काही लागलं नाही. मी त्याला त्याच्या आईची तब्येत विचारली. सुधारतेय म्हणाला.

शनिवार, ३० नोव्हेंबर

शाळेत दर शनिवारी ख्रिस्ती मुली एकेक करून प्रार्थनाघरात कबुली द्यायला जायच्या. आम्ही मुसलमान मुली बाहेर बाकावर भरतकाम करत बसायचो. त्या बाहेर यायच्या तेव्हा त्यांचे चेहरे धुतल्यासारखे असायचे. मला हेवा वाटायचा. एकदा सिस्टर बेर्नादेतना विचारलं, आम्ही कुठे सांगायचं? त्या म्हणाल्या, तू झकिया, तू आधी काहीतरी कर तर खरं.

अभिनंदनाचं पत्र भिंतीवरून काढलं. मागे चौकोनी पांढरा डाग राहिलाय.

रविवार, १ डिसेंबर

मुन्सिफला दारातच सांगितलं.

“तुझं नाव पत्रात येणार नाही. आणि तू मध्ये पडायचं नाही.”

“बाई, तुमचं नाव या बेटावर... लोक तुम्हाला बघून अजून जाळी झाकतात.”

“मग आता झाकायची गरज पडणार नाही. स्वस्तात सुटले.”

“तुमची एकतीस वर्षं आहेत त्यात.”

“त्याचे अकरा तास आहेत.”

तो रडला. मला त्याचा हेवा वाटला. त्याला रुमाल दिला, धुऊन परत आण म्हटलं.

सोमवार, २ डिसेंबर

आजची नोंद म्हणजे पत्राची नक्कल. मूळ प्रत सकाळच्या बोटीने मी स्वतः कचेरीत नेऊन दिली आणि पोच घेतली. वेळ: अकरा वाजून पाच मिनिटं. निघताना चौकीच्या वहीत माझी नोंद केली, गरज नव्हती तरी. ‘शहराकडे.’ आणि शहराकडेच गेले.

संचालक, मासेमारी गस्त विभाग, यांस.

१२ नोव्हेंबरचं माझं पत्र रद्द समजावं. त्यात मी ‘रीत होती’ असं लिहिलं होतं. ते अपुरं होतं.

वहीत चुकीची दिशा लिहिण्याची सूचना ३ एप्रिल २००३ रोजी मी सुरू केली. फोन चौकीत ठेवण्याची आणि फोनवर किंवा घरी दिशा न सांगण्याची सूचनाही माझीच. तिन्ही चौक्यांतल्या प्रत्येक रक्षकाकडून मी ती पाठ करून घेतली. वज्दीकडून २००९ साली. प्रमुख चौकीत नसेल तर खरी दिशा कुणाला सांगायची, याचा विचार मी बारा वर्षांत केला नाही. निवृत्त होताना सूचना मागे घेतली नाही. ९ ऑक्टोबरला बेटावर जो कुणी जे काही बोलला किंवा बोलला नाही, ते त्याच सूचनेनुसार. त्या दिवशी एकाही माणसाने नियम मोडला नाही. चूक तिथेच झाली.

सोबत २००३ च्या वहीतल्या पानाची प्रत आणि त्या वर्षी आपल्या कचेरीने या युक्तीबद्दल मला पाठवलेलं अभिनंदनाचं मूळ पत्र जोडलं आहे. म्हणजे वहीत काय चालतं हे कचेरीला माहीत नव्हतं, असं कृपया कळवू नये.

माझ्या मागण्या अशा. अहवालाच्या पाचव्या पानावरून ‘स्वतःच्या मर्जीने’ हे शब्द खोडावेत. त्या जागी ‘तत्कालीन मुख्य पर्यवेक्षिका झकिया बिन्त हसूना यांच्या कायम सूचनेनुसार’ असं लिहावं. पुढच्या वाक्यातलं ‘धरता येत नाही’ खोडून ‘धरावा’ असं लिहावं. दुरुस्त अहवालाची सही-शिक्क्याची एक प्रत वज्दीच्या थोरल्या मुलीच्या नावे पाठवावी. ती आठ वर्षांची आहे आणि चांगलं वाचते.

माझ्यावर काय कारवाई करायची ते आपण ठरवावं. मी हरकत घेणार नाही.

उत्तर लेखी हवं. फोन करू नये, चहाला बोलावू नये. सोमवार, १६ डिसेंबर, दुपारी बारा वाजेपर्यंत. त्यानंतर हेच पत्र मी बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात स्वतः वाचून दाखवीन, मोठ्याने, सगळे जमलेले असताना.

पाठवणारीचा पत्ता वर दिला आहे. तो खरा आहे.